नुसतं 'उपाशीपोटी' सांगून भागत नाही

तुमच्या लेखात थायरॉइडच्या गोळीबद्दल, म्हणजे शरीरात कमी पडणारं थायरॉइड हार्मोन भरून काढणाऱ्या गोळीबद्दल, एकच ओळ आहे, 'सकाळी उपाशीपोटी घ्यावी.' बरोबर आहे, पण अपुरं आहे. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात वेचणीच्या दिवसांत बाई उजाडायच्या आत उठते, चूल पेटवते आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच गोळी गिळते. पोट उपाशीच असतं ना! पण चहामुळे ती नीट शोषली जात नाही, मध्ये निदान अर्धा-पाऊण तास जायला हवा, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

त्याहून मोठी गोष्ट तर लेखात नाहीच. माझी जाऊ गरोदर होती तेव्हा थायरॉइड, लोह आणि कॅल्शियम अशा तिन्ही गोळ्या, विसरायला नको म्हणून, एकदमच घ्यायची. थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवला तरी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, उतरेना. म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडतंय म्हणून पिट्युटरी, ही मेंदूच्या तळाची ग्रंथी, थायरॉइडला सारखी हाक मारतच होती. शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी गोळ्यांचा डबा उघडून पाहिला अन् लोहाची गोळी दुपारी, कॅल्शियमची रात्री घ्यायला लावली. या दोन्हींमुळेही थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून ती त्यांच्यापासून चार तास तरी लांब ठेवावी लागते. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी हार्मोन बनवत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं सगळं आईकडूनच जातं. तेव्हा हे चार तासांचं अंतर लेखात ठळक अक्षरांत घालाच, ही कळकळीची विनंती.