कोंबडीचा मका आणि आमचा फॅमिली ग्रुप

नागपूरच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच गुऱ्हाळ चालू आहे, ढोरा-कोंबड्यांना धान्य चारणं म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढणं, आणि हे पाप अमेरिकेनं शिकवलं. सुरू केलं आतेभावानं, ज्याचा रविवार सावजी चिकनशिवाय जात नाही. ती कोंबडी काय हवा खाऊन वाढली का बाप्पा? किलोभर ब्रॉयलरमागे पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागतं, त्यात निम्म्याहून जास्त मका न् बाकी मुख्यतः सोयाबीनची ढेप.

मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहतो. नेब्रास्कात माणसांपेक्षा गुरं जास्त. आय-८० हायवेवरून पश्चिमेला निघालं की फीडलॉटचा, म्हणजे गुरं धान्यावर पोसायच्या मोठ्या वाड्यांचा, वास काचा बंद असल्या तरी गाडीत येतोच. ट्रक हळूहळू चालत सिमेंटच्या गव्हाणीत मका आणि इथेनॉल प्लांटमधला ओला चोथा ओतत जातो, न् मागोमाग एकेक डोकं खाली जातं. रवंथ करणारं जनावर एकदम धान्यावर आणलं तर पोटात आम्ल वाढून मरू शकतं, म्हणून दोन-तीन आठवडे चारा कमी करत धान्य वाढवतात. शिस्त आहे इथे, आपल्यासारखं पोळ्याला अचानक पुरणपोळ्या कोंबल्या असं नाही.

आपलं ढोर एरवी कुटार, कडबा, सरकीची ढेप, तुरीची चुनी यावर जगतं. जगभरातसुद्धा जनावरांच्या खाद्यातलं ८६ टक्के माणूस खाऊच शकत नाही, असा एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, संशोधकांचा हिशोब आहे. तो मी ग्रुपवर टाकला. जगातलं साधारण एक तृतीयांश धान्य जनावरांना जातं, हे नाही टाकलं, ते काम आतेभावाचं.

पण मला राग याचा येतो की विदर्भात बसून सोयाबीनचं कोणी बोलत नाही. सोयाबीनमधून तेल निघतं अठराएक टक्के, बाकीची ढेप मुख्यतः कोंबडीच खाते. कोंबडीनं तोंड फिरवलं तर उमरेडकडचा शेतकरी माल विकणार कोणाला? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, आणि बाजारात हंगामात भाव त्याच्या खालीच होता. त्यात मका न् तांदळाच्या इथेनॉलमधून उरणारं डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला चोथा, स्वस्त मिळतं, मग फीडवाले सोयाढेप कमी घेतात. भांडायचं तर यावर भांडा ना राजेहो!

यावर उत्तर आलं, "तू गप बस, तुम्हा अमेरिकावाल्यांना तुमचा मका आमच्या माथी मारायचा आहे." आता मी कधी मका विकायला निघालो? इथे ऑफिसात लाल टीशर्ट घालून हस्कर्सची, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमची, मॅच पाहिली तरी मला इंडियातल्या पावसाबद्दलच विचारतात, आणि तिकडे मी वॉशिंग्टनचा माणूस. सोयाबीनचा पुळका मला येतो कारण आमचीही पाच एकर तिकडेच आहे, मक्त्यानं दिलेली. सातबाऱ्यावर नाव माझं आहे. यंदा काय पेरलं हे मात्र मला ग्रुपवरच्या फोटोतून कळलं, आणि तो फोटोही आतेभावानं काढलेला.