मुतखड्याची नळी ‘आपोआप विरघळते’ म्हणणाऱ्यांना

मालवणपासून दापोलीपर्यंत गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मुतखड्याला ऑपरेशन लागत नाही, कुळथाचं कळण आणि बियर प्या, खडा विरघळतो, कळ थांबली की खडा गेला, ऑपरेशनआधीची लघवीची कल्चर (जंतूंची तपासणी) म्हणजे वेळकाढूपणा, आणि ऑपरेशननंतर आत ठेवलेली नळी आपोआप विरघळते, ती काढायला बोलावतात ते पैशांसाठी.

कळण खुशाल प्या. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते कशानेही विरघळत नाहीत. यूरिक ॲसिडचे विरघळू शकतात, तेही लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने. 5 मिमीपेक्षा लहान खडा बऱ्याचदा आपणहून पडतो आणि श्रेय कळणाला मिळतं. बियरने यूरिक ॲसिड वाढतं. होडीवरच्या खलाशाला, कलमांवर आंबे उतरवणाऱ्या गड्याला पाणी हवं: दिवसाची लघवी अडीच लिटरच्या आसपास व्हावी इतकं.

कळ थांबली म्हणजे खडा गेला, हे तर फारच घातक. खडा कधीकधी मूत्रनलिकेत तसाच अडकून राहतो, किडनी फुगते, हळूहळू निकामी होते आणि दुखत मात्र नाही. म्हणून पुन्हा सोनोग्राफी. त्यात थंडी वाजून ताप आला तर रात्रीच निघा. तेव्हा आधी तुंबलेली लघवी मोकळी करतात, खडा नंतर.

कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, खरं आहे. पण खड्यात जंतू दडलेले असू शकतात. लेझरने तो फोडताना ते रक्तात गेले तर जिवावर बेततं. ऑपरेशन आहे म्हणून रक्त पातळ करायची गोळीही मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

आता नळी, म्हणजे डीजे स्टेंट. तिचं एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. ऑपरेशननंतर सूज येऊन वाट बंद होऊ नये म्हणून ती ठेवतात. ती असेपर्यंत सारखी लघवी लागते, कमरेत कळ येते, कधी लघवी लालसर होते. पुढे त्रासाची सवय होते, आंब्याचा सीझन लागतो, मग गणपती, आणि नळी राहून जाते. नेहमीची नळी विरघळत नाही. महिनोन्‌महिने राहिली की खडपावर कालवं धरावीत तसे तिच्यावर खडे धरतात, ती ओढून निघत नाही, तुटूही शकते, आणि साध्या कामासाठी मोठं ऑपरेशन करावं लागतं. किडनी गमावलेलेही आहेत.

वेळेवर गेलात तर मोठ्या माणसाची नळी बहुधा सुन्न करणारी जेली लावून, दुर्बिणीतून काही मिनिटांत निघते. डिस्चार्ज कार्डावरची तारीख घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. ऑपरेशन गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला झालं असेल आणि परत जाणं जमत नसेल, तर कार्ड घेऊन जवळच्या यूरोलॉजिस्टकडे जा.