वेळ बदलून दरवेळी भागत नाही

लेखात ‘कॅन्सरची आणि अ‍ॅसिडिटीची गोळी वेगवेगळ्या वेळी घ्या’ एवढ्यावर विषय आटोपलाय, ते पटलं नाही. साधं अँटासिड (जठरात आधीच असलेलं आम्ल शमवणारं औषध) असेल तर ठीक. डासाटिनिब या कॅन्सरच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा दोन तासांनी ते चालतं. पण ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या जठरातलं आम्ल तयार करणारे पंपच बंद पाडतात आणि त्यांचा असर दिवस उलटला तरी टिकतो. मग एक सकाळी, दुसरी रात्री घेऊन काय साधणार? डासाटिनिब, एर्लोटिनिब या कॅन्सरच्या गोळ्यांना विरघळायला आम्ल लागतं. एर्लोटिनिबसोबत ओमेप्राझोल दिल्यावर औषधाचं रक्तातलं एकूण प्रमाण ४६ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. म्हणजे गोळी पूर्ण, औषध जेमतेम निम्मं!

कॅन्सरच्या सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं, इमॅटिनिबला फारसा फरक पडत नाही. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचा मोठा डोस असेल तर उलटच: ओमेप्राझोलसारख्या गोळीमुळे ते शरीरातून बाहेर पडायला उशीर होऊन विषारी परिणाम वाढू शकतात.

खरी गोची पेनकिलरबरोबर सवयीने घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलची. तिला कोणी औषधात धरतच नाही, त्यामुळे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. अर्थात, त्यांना न विचारता ती परस्पर बंदही करू नये.