‘एट’ म्हणजे नक्की किती?

रसायनशास्त्रात सध्या मूलकांची, म्हणजे प्रभार असलेल्या अणुगटांची, नावं चालू आहेत. नायट्रेटमध्ये ऑक्सिजन तीन. सल्फेटमध्ये चार. सल्फाइटमध्ये परत तीन, पण त्याला ‘एट’ म्हटलं की गुण गेला. का? तर तसंच असतं, पाठ कर.

चार दिवस मी पाठच करतोय. झोपताना फॉस्फेट, उठल्यावर दात घासताना फॉस्फेट. आणि चाचणीत माती कुठे खाल्ली? एसओथ्रीचं, म्हणजे एक गंधक, तीन ऑक्सिजन आणि दोन ऋण प्रभार असलेल्या मूलकाचं, नाव विचारलं होतं. ‘तीन ऑक्सिजन म्हणजे एट’ हे नायट्रेटवरून डोक्यात घट्ट बसलेलं, त्यामुळे खुशाल सल्फेट लिहून आलो.

त्यावर ऐकवलं जातं काय, तर ‘‘एट म्हणजे जास्त ऑक्सिजन, आइट म्हणजे कमी, यात अवघड काय आहे?’’ अहो, पण कशापेक्षा जास्त? घरातला थोरला कोण आणि धाकटा कोण एवढंच सांगायचं, आणि परीक्षेत दोघांची वयं विचारायची! या घरातला थोरला तीनचा, त्या घरातला धाकटाही तीनचा. नावावरून वय कळावं अशी सोयच नाही.

क्लोरीनच्या घरात तर चार भाऊ. क्लोराइट दोन ऑक्सिजनचा, क्लोरेट तीनचा. मग धाकट्याहून धाकटा हायपोक्लोराइट आणि थोरल्याहून थोरला परक्लोरेट. हे ‘पर’ कुठून उपटलं ते शोधलं आणि डोकं आणखीच तापलं. क्लोरेट आधी सापडलं, थोरलेपणाचं नाव त्याला देऊन झालं. चार ऑक्सिजनवाला १८१६ साली श्टाडिओन नावाच्या माणसाला सापडला, तेव्हा चांगलं नाव शिल्लकच नव्हतं! म्हणून पुढे ‘पर’ जोडून भागवलं. म्हणजे कोण आधी सापडलं आणि कोण मागून, तो क्रम मी दोनशे वर्षांनी रसायनशास्त्र म्हणून घोकतोय.

मुळात ही ‘एट-आइट’ची पद्धत १७८७ची. लॅव्हाझिए, बर्थोले, फुर्क्रुआ आणि गितों द मोर्व्हो या चौघा फ्रेंचांनी ती बसवली. त्यांच्यावर माझा राग नाही. त्याआधी सल्फ्युरिक आम्लाला ‘व्हिट्रिऑलचं तेल’ म्हणत, त्यामानाने यांनी उपकारच केले. आणि ते आकडा सांगणार तरी कुठून? डाल्टनचा अणुसिद्धांत पुस्तकरूपाने आला १८०८ मध्ये. नावं ठेवली तेव्हा अणू मोजायचीच सोय नव्हती. पण आता आहे ना! आयुपॅकने, म्हणजे रसायनांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, सल्फेटसाठी टेट्राऑक्सिडोसल्फेट असं नाव दिलेलंही आहे, ज्यात ‘टेट्रा’ म्हणजे सरळ चार. बाटलीवर ते वाचलंय कुणी?

बरं, ‘पर’ म्हणजे एक ऑक्सिजन जास्त, हे तरी पक्कं धरावं ना? नाही! मँगनेट आणि परमँगनेट, दोघांत मँगनीज एक, ऑक्सिजन चारच. फरक फक्त प्रभाराचा. दोन ऋण असला तर हिरवा मँगनेट, एक ऋण असला तर जांभळा परमँगनेट. वर कोपऱ्यात लिहिलेल्या त्या मुंगीएवढ्या आकड्याने अख्खा रंग बदलतो, आणि उत्तरपत्रिकेत नेमका तोच लिहायचा राहतो.

डायक्रोमेटमधल्या ‘डाय’चा अर्थ दोन आणि क्रोमियमही खरंच दोन. वा! मग बायकार्बोनेटमध्ये दोन काय आहे? कार्बन एक. हायड्रोजनही एकच. तर म्हणे, तेवढ्याच सोडियममागे साध्या कार्बोनेटच्या दुप्पट कार्बोनेट भरतं, म्हणून ‘बाय’. हायड्रोजनकार्बोनेट हे शहाण्यासारखं नाव आहे, ते कुणी वापरत नाही. आणि प्रयोगशाळेत सगळे ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते हायपोबियपो काही नसून सोडियम थायोसल्फेट असतं. असू दे. कंसांवर तर मी बोलतच नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस राहिला म्हणून माझा अर्धा गुण गेलाय.

खरा संताप पुढे आहे. काल रात्री वैतागून आवर्तसारणी उघडली. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन एका ओळीत शेजारी-शेजारी. बोरेट, कार्बोनेट, नायट्रेट: तिघांत ऑक्सिजन तीन, ऋण प्रभार तीन, दोन, एक. खालच्या ओळीत सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन. अणू मोठे, म्हणून भोवती चार ऑक्सिजन मावतात, आणि प्रभार चार, तीन, दोन, एक. शेवटचा तो उशिरा आलेला परक्लोरेट, बरोब्बर आपल्या जागी! सात मूलकं, दोन ओळी. फळ्यावर पाच मिनिटांचं काम. ते सोडून आम्हाला काय दिलं, तर इंग्रजी वर्णक्रमाने लावलेला तक्ता आणि एक यमक जुळवलेलं गाणं. ते गाणंही पाठच करावं लागतं, हे सांगायला नकोच.

त्या आनंदात फॉस्फाइटकडे वळलो. फॉस्फेटमधून एक ऑक्सिजन काढा, झालं, पीओथ्री, तीन ऋण. तक्त्यातही तसंच. मग वाचलं की फॉस्फाइट ज्यातून मिळतं त्या फॉस्फरस आम्लातल्या तीन हायड्रोजनांपैकी एक थेट फॉस्फरसलाच चिकटलेला असतो, तो सुटतच नाही. त्यामुळे पाण्यात जे मिळतं ते एचपीओथ्री, दोन ऋण.

आज चाचणीचा पेपर तपासून मिळाला. फॉस्फाइटचं सूत्रही विचारलेलं होतं. तक्त्यातलं लिहिलं होतं. त्या एका प्रश्नाला पूर्ण गुण आहेत.