खुलासा: 'कान कधी फसत नाहीत' हा स्पीकरबद्दलचा मेसेज चुकीचा आहे
'नामांकित ब्रँडचा महाग स्पीकर साध्या स्पीकरशेजारी वाजवा, फरक लगेच कळतो. कान कधी फसत नाहीत' असा मेसेज फिरतोय. कान फसतात, आणि हे तपासलं गेलं आहे.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना तेच चार स्पीकर दोन प्रकारे ऐकवले: समोर दिसताना आणि पडद्याआड ठेवून. दिसताना आपल्या कंपनीच्या मोठ्या, महाग स्पीकरना भरभरून गुण मिळाले, छोटा स्वस्त संच मागे पडला. पडदा आल्यावर ही दरी बरीच मिटली. ही माणसं ध्वनीच्याच धंद्यातली होती, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

शिवाय किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर सरस वाटतो. एखाद्या डेसिबलचा (आवाजाची पातळी मोजायचं एकक) फरकही पुरतो. कोपऱ्यात ठेवला की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगतो, तो वेगळाच.

महाग स्पीकर वाईट, असं मी म्हणत नाही. आवाजाची पातळी आणि जागा सारखी ठेवा, अदलाबदल दुसऱ्या कुणाला करू द्या, न बघता ऐका आणि मग ठरवा. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही माहितीही टाका.