प्रोब वेगळाच घ्या, दादा

दादा, स्कीइंगच्या सामानावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणायलात की लातूर-नांदेडची पोरं वर्षातून एकदा आठ दिवस गुलमर्गला स्कीइंगला जातात, त्यांना पोल (स्की करताना हातात धरायच्या काठ्या) वेगळे अन् प्रोब (हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायला बर्फात टोचायची घडीची लांब सळी) वेगळा असा डबल खर्च काहून सांगायलात, दोन पोल एकमेकांत बसवून प्रोब होणारे पोल मिळतात की. अन् दुसरं म्हणजे मी कार्बनचा प्रोब हलका म्हणून सुचवला ते अर्धवट आहे.

दुसरं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. हिमस्खलन थांबलं की तो बर्फ भुसभुशीत राहत नाही, काही मिनिटांत सिमेंटसारखा घट्ट बसतो, अन् त्यात बारीक कार्बनचा प्रोब वाकून तिरका जातो, मग आपण सरळ खाली टोचतोय असं वाटतं पण टोक भलतीकडंच असतं. अ‍ॅल्युमिनियमचा थोडा जड पण सरळ जातो. हे मी लिहायला पाहिजे होतं, मूळ लेखात आज टाकतो.

पण जोडपोलचं मला अजिबात पटत नाही. मी स्वतः एकदा तसले भाड्यानं घेतले होते. सरावासाठी सॅक पुरली होती मीटरभर खोल. आधी पोलच्या खालच्या टोकाजवळच्या बास्केट (गोल चकत्या) काढा, मग हँडल उघडा, आत बर्फ जाऊन गोठलेला, ग्लोव्हज काढल्याशिवाय फिरंना अन् काढले तर बोटं बधिर, माझी पाच मिनिटं नुसती जोडण्यात गेली. बरोबरच्याचा साधा 280 सेंटीमीटरचा प्रोब पुढं फेकला, दोरी ओढली, लॉक, झालं. बर्फाखाली गाडलेला माणूस 10-15 मिनिटांत बाहेर आला तर बहुतेक वाचतो, 35 मिनिटं झाली की तिघांतला एखादाच. त्यातली पाच मिनिटं पोल जोडण्यात घालवायची का? शिवाय जोडून लांबी जेमतेम दोन-सव्वादोन मीटर होते, अन् पोल वाकलेला असला तर तेवढीही नाही.

अन् मदतीला कोण येणार म्हणता? 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत पहाटे घरं बसली तेव्हा ढिगाऱ्याला पहिले हात शेजाऱ्यापाजाऱ्यांचेच लागले, बाहेरची मदत नंतर आली. मी तेव्हा औशाला आजोळी होतो, लहान होतो, पण ते आठवतं. डोंगरात तुमचा शेजारी म्हणजे तुमच्यासोबतचा स्कीवाला. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल देणारं अन् पकडणारं छोटं यंत्र), प्रोब अन् फावडं प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाहिजे, ग्रुपमध्ये एकच असून चालत नाही, ज्याच्याकडं आहे तोच गाडला गेला तर? ट्रान्सीव्हर जागेच्या जवळ नेतो, नेमका माणूस प्रोबच सापडवतो. उताराला काटकोनात टोचायचा, गोल गोल बाहेर सरकत, दर वेळी साधारण एक वीत सोडून. जमीन लागली तर टणक लागते, माणूस लागला तर थोडा मऊ. लागला की प्रोब तसाच ठेवायचा, उपसायचा नाही, अन् उताराच्या खालच्या बाजूनं खणायला लागायचं.

खर्च वाचवायचाच असंल तर पोलवर वाचवा ना. साधे अ‍ॅल्युमिनियमचे, लांबी कमी-जास्त होणारे, बाहेरून क्लिपचं लॉक असलेले घ्या, पिळायचं लॉक थंडीत लय त्रास देतं. कार्बनचा पोल तुराटीसारखा कटकन मोडतो, अ‍ॅल्युमिनियमचा वाकला तर गुडघ्यावर सरळ करून खाली तरी येता येतं. बास्केट मोठी पाहिजे, नाहीतर ताज्या बर्फात पोल आत बुडतच जातो. धोक्याच्या उतारावर मनगटाचे पट्टे काढून ठेवा, नाहीतर बर्फ वाहायला लागला की पोल तुम्हाला खाली ओढतो.

तुमच्या ग्रुपची पोरं यंदा जाणार असतील तर माझ्याकडं दोन प्रोब पडून आहेत, न्या खुशाल, बाकीच्यांचे तिथं भाड्यानं घ्या. फक्त निघायच्या आधी गच्चीवर ग्लोव्हज घालून प्रत्येकाला वीसेक वेळा उघडायला लावा.