जून महिन्यातली माकडटोपी

जळगावात मे महिन्यात पारा 44 च्या खाली आला की लोक एकमेकांना "आज जरा बरं आहे" म्हणतात. तिथून सुटलो एकदाचा, म्हणत मी जूनमध्ये लेकीकडे आलो. ती अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळ राहते. दुसऱ्याच शनिवारी पहाटे साडेपाचला तिनं दार ठोठावलं. "बाबा, उठा. आणि ती माकडटोपी घ्या बरोबर." मला वाटलं पोरगी थट्टा करतेय.

नातीची फिगर स्केटिंगची, म्हणजे बर्फावर घसरत नाचण्याची, स्पर्धा होती. नात नऊ वर्षांची, वजन सत्तावीस किलो. जेल, पिना आणि स्प्रे धरून अठ्ठावीस. अंबाडा इतका घट्ट वळला होता की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या आणि ती सकाळपासून कुणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखी दिसत होती. तिचा नंबर नऊ चाळीसला. पण तासभर आधी हजेरी, त्याआधी तासाचा रस्ता, त्याआधी अंबाडा. एवढं करून बर्फावर किती वेळ? दीड मिनिट.

रिंक, म्हणजे आत बर्फाची जमीन असलेली इमारत, बाहेरून बघितली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे असल्याच बिनखिडक्यांच्या इमारतीत केळी ठेवतात. फरक एवढाच की केळ्यांना कुणीही तेरा अंशांच्या खाली ठेवत नाही, साल काळी पडते. इथं आठ-दहा असावं. प्रेक्षकांच्या सालीची काळजी कुणाला? ॲल्युमिनियमच्या बाकावर मी बसलो, म्हणजे टेकलो आणि ताडकन उठलो. शेजारची गोरी आजीबाई मात्र सराईत होती. खाली गादी, मांडीवर ब्लँकेट, हातात थर्मास, डोक्यावर लोकरी टोपी. तिनं माझ्या माकडटोपीकडे बघितलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात हेवा होता, असं माझं मत आहे.

ओळख झाली. मी भारतातला म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही जोडी म्हणे इथलीच, मिशिगनची. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये ती आइस डान्समध्ये हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचली आणि रौप्यपदक घेऊन आली. आजीबाईंनी माझं मनापासून अभिनंदन केलं. मीही आढेवेढे न घेता स्वीकारलं. बँकेत छत्तीस वर्षं काढली, न केलेल्या कामाचं कौतुक कसं घ्यायचं ते मला कळतं.

मग बाईंनी मला उड्या शिकवल्या, म्हणजे बसल्या जागी. साल्कोव, लुट्झ, ॲक्सल. ही सगळी माणसांची नावं. ॲक्सल पॉलसन हा नॉर्वेचा गडी, त्यानं 1882 मध्ये पहिल्यांदा ती उडी मारली. बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोऱ्या सुरू होतात. ही एकटीच समोर तोंड करून. उतरायचं मात्र पाठमोरंच, म्हणून तिला अर्धा फेरा जादा पडतो. मला कुस्ती आठवली. आपल्याकडे डावाला पैलवानाचं नाव मिळत नाही. ढाक, मोळी, कलाजंग असंच काहीतरी. धोबीपछाडमध्ये धोब्याचं नाव लागलं, पण ते कौतुकानं लागलं असेल असं वाटत नाही.

सहा-सहा मुलींचा एक गट. आधी सगळ्या मिळून चार मिनिटं सराव करतात आणि त्या चार मिनिटांत आपली कोणती ते ओळखायचं असतं. सहाही अंबाडे सारखे, सहाही झगे चमकीचे. मी एका निळ्या झग्याकडे बघून तीन मिनिटं हात हलवला. शेवटी लेकीनं माझं कोपर धरून दुसऱ्या निळ्या झग्याकडे वळवलं.

आणि पडणं! दर गटात तीन-चार तरी पडत होत्या. बर्फावर मांड्या आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो, ओला टॉवेल दगडावर आपटल्यासारखा. तो आला की माझ्या तोंडून "अगं आई" निघायचं आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. आमच्या लहानपणी पडून घरी गेलो तर वरून दोन मिळायच्या. इथं पोरगी उठते, हसते, संगीत कुठं पोचलंय ते गाठते आणि पुढं निघते. पडल्याचे मार्क कापतात ते वेगळंच.

मला विचाराल तर अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात सुंदर काही असेल तर ते झांबोनी. हे एक यंत्र. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये बनवलं. मुलींनी ओरबाडलेल्या बर्फावरून ते बैलगाडीच्या संथ चालीनं फिरतं, वरचा थर तासतं, धुतं आणि मागे लावलेल्या फडक्यानं गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जातं. गरम पाणी चरांत नीट मुरतं आणि आरशासारखं गोठतं. माझी आई अंगण अशीच सारवायची. कोपऱ्यातून सुरुवात, पट्ट्याला पट्टा भिडवत, आणि मागं सरकत सरकत शेवटी उंबऱ्यावर. वाळेपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. इथंही गेट बंद करून घेतात. मी उभा राहून बघत होतो. लेक म्हणाली, "बाबा, बसा, अजून काही सुरू झालेलं नाही."

नातीचा नंबर आला. तिचं नाव पुकारलं, ती मधोमध जाऊन एक हात वर करून थांबली. संगीत सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत घरची माणसं ओरडतात, अशी इथली पद्धत. जावई "गो!" म्हणून ओरडले. मलाही राहवलं नाही. मी पोटातून ओरडलो, "सावकाश गं!"

पुढचं दीड मिनिट मी नातीकडे कमी आणि तिच्या कोचकडे जास्त बघितलं. कठड्याला टेकून, पायघोळ फुगीर कोटातली ती बाई प्रत्येक उडीला स्वतः गुडघ्यात वाकायची आणि नात टेकली की सरळ व्हायची. इकडे लेक ओठांतल्या ओठांत मोजत होती आणि माझं मनगट आवळत होती. साल्कोव झाली. मग ॲक्सल. कोच वाकली, लेकीची नखं रुतली आणि ओला टॉवेल आपटला. वर बघेपर्यंत पोरगी उठून गिरकीला लागलीसुद्धा होती, आणि गिरकी अशी घेतली की अंबाड्यातली एक पिन उडाली.

निकालाचा कागद भिंतीवर डकवला. आमच्या दहावीच्या निकालासारखीच झुंबड. सहात चौथी. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, तर पोरगी गळ्यात पदक घालून हजर! अमेरिकेत फिगर स्केटिंगमध्ये चौथ्यालाही पदक असतं, प्यूटरचं. प्यूटर म्हणजे काय? जावयांनी फोनमध्ये बघून सांगितलं, मुख्यतः कथील.

रात्री साडेआठला जळगावला फोन लावला. तिकडे पहाटेचे सहा, हिचा चहा चाललेला.

"काय मिळालं पोरीला?"

"कल्हई."

"काय?"

समजावून सांगितलं. पडल्याचंही सांगितलं. लागलं नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हेही सांगितलं. तिनं चहाचा घोट घेतला.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी ओरडलो ना. सावकाश म्हणून."

"मग पडणारच," ती म्हणाली. "दचकली असेल लेकरू."